वास आल्यास

काही वर्षांपूर्वी एका जुन्या विद्यार्थिनीचा फोन आला. अकरावी-बारावीला ती माझ्या मराठीच्या वर्गात होती. पुढे परिचारिका झाली आणि आता एका मोठ्या रुग्णालयातील निर्जंतुकीकरण विभागाची प्रमुख आहे. ‘‘सर, आमच्याकडे ईटीओ मशीनची इंग्रजी सूचनापुस्तिका आहे. आमच्या मावश्यांना आणि मामांना वाचता येईल अशी मराठीत करून द्याल का? आठच पानं आहेत.’’

आठ पानांचे काय एवढे, असे वाटून मी होकार दिला. आयुष्यभर भाषांतराच्या समस्यांवर वर्गात बोललेल्या माणसाला यंत्राची सूचनापुस्तिका म्हणजे रविवारच्या दुपारचे काम वाटणे स्वाभाविक होते. प्रत्यक्षात ते काम तीन महिने चालले. त्या तीन महिन्यांत मी एक वाक्य असे लिहिले, की ते तसेच भिंतीवर लागले असते तर कुणाच्या तरी शरीराला त्याची किंमत मोजावी लागली असती. त्या वाक्याविषयी हा लेख आहे. पण त्याआधी त्या वायूची थोडी ओळख करून देणे आवश्यक आहे.

शस्त्रक्रियेची धातूची हत्यारे वाफेने निर्जंतुक करतात. ऑटोक्लेव्हमध्ये १२१ किंवा १३४ अंश सेल्सियस तापमानाची दाबाखालील वाफ त्यांना सोसते. परंतु प्लास्टिकच्या नळ्या, कॅथेटर, काही दुर्बिणी आणि नाजूक विद्युत उपकरणे या उष्णतेत वितळतात किंवा बिघडतात. त्यांच्यासाठी एथिलीन ऑक्साइड हा वायू वापरतात. रुग्णालयाच्या बोलीत त्याला ‘ईटीओ’ म्हणतात. वस्तू ‘ईटीओला पाठवतात’ आणि वस्तू ‘ईटीओ करून येते’. शार्ल-अदोल्फ वुर्ट्झ या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने १८५९ मध्ये हे संयुग प्रथम तयार केले. त्याचा उत्कलनबिंदू सुमारे १०.७ अंश सेल्सियस आहे. म्हणजे आपल्याकडच्या बहुतेक दिवसांत तो उघड्यावर द्रवरूपात राहणारच नाही. तो हवेपेक्षा सुमारे दीडपट जड असल्याने खाली, जमिनीलगत साचतो. पुठ्ठा, कागद, प्लास्टिकची पिशवी यांतून आरपार जातो. ३७ ते ६३ अंशांच्या माफक उष्णतेत, ४० ते ८० टक्के आर्द्रतेत, एक ते सहा तासांत तो जंतूंच्या प्रथिनांना आणि जनुकद्रव्याला जाऊन चिकटतो आणि त्यांचे पुनरुत्पादन थांबवतो.

इथेच साऱ्या प्रकरणाचे मूळ आहे. प्रथिने आणि जनुकद्रव्य ही काही जंतूंचीच मालमत्ता नव्हे. ज्या गुणामुळे हा वायू जंतू मारतो, त्याच गुणामुळे तो ते मारणाऱ्या माणसालाही इजा करतो. स्वीडनमधील एका छोट्या कारखान्यात रुग्णालयीन साहित्य या वायूच्या मिश्रणाने निर्जंतुक करीत. तिथल्या सुमारे २३० कामगारांत १९७२ ते १९७७ या काळात रक्ताच्या कर्करोगाचे तीन रुग्ण निघाल्याचे १९७९ मध्ये प्रसिद्ध झाले. इतक्या थोड्या माणसांत तीन ही संख्या अपेक्षेपेक्षा पुष्कळच अधिक होती. फिनलंडमधील रुग्णालयांत निर्जंतुकीकरणाचे काम गरोदरपणी करणाऱ्या स्त्रियांमध्ये गर्भपाताचे प्रमाण अधिक असल्याचे १९८२ मध्ये नोंदवले गेले. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने १९९४ मध्ये या वायूला मानवी कर्करोगकारकांच्या पहिल्या गटात टाकले. आपल्याकडे हे नाव घरोघरी पोहोचले ते मात्र एप्रिल २०२४ मध्ये, भारतातून गेलेल्या काही मसाल्यांत तो सापडल्याचे हाँगकाँग आणि सिंगापूरच्या अन्नसुरक्षा यंत्रणांनी जाहीर केले तेव्हा. वर्तमानपत्रांनी त्याला ‘कीटकनाशक’ म्हटले. तोच वायू रुग्णालयातल्या पाकिटावर ‘निर्जंतुक’ या शब्दाची हमी देत असतो.

मग तो वापरणे सोडून का देत नाहीत? कारण त्याला पुरेसा पर्याय अजून नाही. एकट्या अमेरिकेत निर्जंतुक करून विकल्या जाणाऱ्या वैद्यकीय साधनांपैकी सुमारे निम्मी साधने याच वायूने निर्जंतुक होतात. थोडक्यात, हा वायू टाळता येत नाही, सांभाळावा लागतो. आणि सांभाळणे हे बऱ्याच अंशी सूचनांचे, म्हणजे भाषेचे काम आहे.

*

पहिली अडचण एका शब्दाची आली. पुस्तिकेत सिलिंडरमधील मिश्रणाविषयी एक विशेषण होते, त्याचे मी ‘अज्वलनशील’ असे भाषांतर केले. शब्दकोशाच्या दृष्टीने ते निर्दोष होते.

शुद्ध एथिलीन ऑक्साइड अतिशय ज्वालाग्राही आहे. हवेतील त्याचे प्रमाण तीन टक्क्यांवर गेले की ठिणगी पुरते. वरची मर्यादा जवळजवळ नाहीच, कारण हवेशिवायही त्याचे स्फोटक विघटन होऊ शकते. म्हणून त्यात दुसरा, न जळणारा वायू मिसळण्याची पद्धत आली. बराच काळ वजनाने १२ भाग एथिलीन ऑक्साइड आणि ८८ भाग सीएफसी-१२ हे मिश्रण जगभर चालले. सीएफसी ओझोनचा थर विरळ करतात हे उमगल्यावर १९८७ चा माँट्रियल करार झाला. प्रगत देशांनी १९९६ पासून ते बंद केले, विकसनशील देशांना २०१० पर्यंतची मुदत मिळाली. मग कर्बद्विप्रणील वायूबरोबरची मिश्रणे उरली, उदाहरणार्थ १० भागांस ९० भाग. यातही एक खोच आहे. जंतू मारणारा भाग एक दशांशच असल्याने तेवढाच परिणाम साधायचा तर पेटीत एकूण वायू पुष्कळ भरावा लागतो आणि पेटीतील दाब बाहेरच्या हवेपेक्षा वाढतो. अशा पेटीला फट पडली तर वायू बाहेर येतो. याउलट काही यंत्रांत शुद्ध वायूचे लहान नळकांडे पेटीच्या आत, निर्वात केल्यावर फोडतात. तिथे दाब बाहेरच्यापेक्षा कमीच राहतो आणि फट पडली तर बाहेरची हवा आत शिरते. मिश्रणाने आगीचा धोका घटतो पण गळतीचा वाढतो. शुद्ध वायूच्या बाबतीत नेमके उलटे घडते.

या नळकांड्याला इंग्रजीत जो शब्द आहे, त्याला मराठीत आपण पोर्तुगिजांकडून घेतलेला शब्द ‘काडतूस’. मी तो खोडला होता, बंदुकीची आठवण नको म्हणून. पण विभागातल्या मावश्या आधीपासूनच त्याला काडतूस म्हणत होत्या. मी तो परत घेतला. ती आठवण राहणेच बरे.

‘अज्वलनशील’ या शब्दाचे मात्र वेगळेच झाले. मसुदा वाचून दाखवायला मी विभागात गेलो. खिडकीपाशी कपड्यांच्या घड्या घालत बसलेल्या एक वयस्क मावशी ऐकत होत्या. वीस-बावीस वर्षे त्या याच खोलीत काम करीत होत्या. त्यांनी विचारले, ‘‘सर, अज्वलनशील म्हणजे काय हो?’’

‘‘म्हणजे मावशी, पेट घेत नाही असा.’’

‘‘मग बरंय. म्हणजे ह्या सिलिंडरचं भ्या नाही.’’

मी गप्प झालो. तो शब्द खरा होता आणि त्यातून पोहोचलेला अर्थ खोटा होता. मिश्रण पेटत नाही एवढेच त्या विशेषणाने सांगितले होते. श्वासातून ते तितकेच विषारी राहते, हे सांगायचे राहिले होते. वर्गात आपण वाच्यार्थ आणि व्यंग्यार्थ शिकवतो तेव्हा व्यंग्यार्थ ही काव्याची श्रीमंती म्हणून शिकवतो. सूचनेच्या वाक्यालाही व्यंग्यार्थ असतो आणि तिथे तो घात करू शकतो, याचा विचार मी कधी केला नव्हता. आम्ही तिथे लिहिले : ‘हे मिश्रण पेटत नाही. पण श्वासात गेले तर विषारीच आहे.’

*

आता ते वाक्य. इंग्रजी पुस्तिकेत गळतीविषयीच्या भागात वासाचा उल्लेख होता : वायूला ईथरसारखा गोडसर वास असतो, तो आल्यास खोली सोडावी. मी लिहिले, ‘वास आल्यास तत्काळ खोलीबाहेर पडावे.’ वाक्य आटोपशीर होते. ‘आल्यास’मधला संकेत, ‘पडावे’मधला विध्यर्थ, सगळे व्याकरणशुद्ध होते. मला ते आवडलेही होते.

मावशींनी पुन्हा हात थांबवला. ‘‘म्हणजे वास नसला की थांबायचं?’’

मी म्हणालो, ‘‘वास नसेल तर वायू नाही, असंच ना?’’ आणि माझ्या विद्यार्थिनीकडे पाहिले. ती लगेच बोलली नाही. मग तिने मला जे सांगितले ते त्या पुस्तिकेच्या दुसऱ्याच पानावर, एका कोष्टकात, निमूटपणे छापलेले होते. कोष्टक आकड्यांचे असल्यामुळे मी ते जसेच्या तसे उतरवून घेतले होते, वाचले नव्हते.

अमेरिकेच्या श्रमसुरक्षा नियमांनी १९८४ मध्ये ठरवलेली मर्यादा अशी, की आठ तासांच्या पाळीत सरासरीने हवेच्या दहा लाख भागांत या वायूचा एकच भाग असावा. १९८८ मध्ये त्यात भर पडली : पंधरा मिनिटांच्या सरासरीने पाच भाग, त्याहून अधिक नाही. आणि माणसाच्या नाकाला त्याचा वास केव्हा येतो? दहा लाखांत काही शे भाग झाल्यावर. म्हणजे नाक सांगते तोवर मर्यादा शेकडो पटींनी ओलांडलेली असते. शिवाय वास घेऊन घेऊन नाक सरावते, ते निराळेच.

माझ्या वाक्यात लिहिलेली गोष्ट चूक नव्हती. वास आल्यास बाहेर पडायलाच हवे. पण मराठीत, आणि बहुधा कोणत्याही भाषेत, ‘असे झाल्यास तसे करा’ म्हटले की ऐकणारा मनातल्या मनात दुसरे वाक्य जोडतो : ‘तसे झाले नाही, तर करू नका.’ तर्कशास्त्रात हा दोष मानतात, व्यवहारात मात्र माणसे भाषा याच रीतीने समजून घेतात. आई ‘पाऊस आला तर छत्री ने’ म्हणते तेव्हा मूल दुसरा अर्धा भाग बरोबर ओळखते. मावशींनी माझे वाक्य बरोबरच वाचले होते. ते लिहिण्यातच चूक होती.

त्या रात्री मला नीट झोप लागली नाही. मी चुकलो याचे दुःख कमी होते. ते वाक्य मला चांगले वाटले होते, हे अधिक बोचत होते.

शेवटी आम्ही लिहिले : ‘या वायूचा वास येत नाही तेव्हाही तो खोलीत असू शकतो. नाकावर विसंबू नका. वास येवो न येवो, भिंतीवरचा गजर वाजला की सगळे सोडून बाहेर पडा.’ त्याखाली आणखी दोन ओळी आल्या. शस्त्रक्रियेचा साधा मास्क हा वायू अडवत नाही. आणि काडतुसातला द्रव चामड्याच्या चपलेवर किंवा पट्ट्यावर सांडला तर ती वस्तू धुऊन साफ होत नाही, टाकूनच द्यावी लागते. माझी एक ओळ आता चार-पाच ओळींची झाली होती. संक्षेप हा गद्याचा गुण आहे असे मी अनेक वर्षे शिकवत आलो आहे. तो कोणाच्या जिवावर साधायचा, हा प्रश्न मात्र मी वर्गात कधी विचारला नव्हता.

*

पुस्तिकेतले सर्वांत मोठे प्रकरण निर्जंतुकीकरण पार पडल्यानंतरचे होते. मी त्याला ‘वायुवीजन’ हे शीर्षक दिले होते. वायुवीजन म्हणताच वाचणाऱ्यासमोर खिडक्या आणि पंखे येतात, तर प्रकरणाचा विषय होता वस्तूच्या आत शिरलेला वायू. प्लास्टिक, विशेषतः पीव्हीसी, हा वायू शोषून घेते आणि हळूहळू सोडते. ५० ते ६० अंशांच्या गरम हवेत तो बाहेर पडायला ८ ते १२ तास लागतात. साध्या खोलीच्या तापमानाला, २० अंशांना, सात दिवस लागतात. त्याआधी ती नळी रुग्णाच्या घशात गेली तर घसा आतून भाजतो. तिच्यातून रक्त वाहिले तर रक्तपेशी फुटतात. तोवर ती ज्या खोलीत ठेवलेली असते, तिथल्या माणसांच्या श्वासात तिच्यातला वायू मिसळत असतो. त्या स्वीडिश कारखान्यात निर्जंतुक केलेले खोके माणसे काम करीत त्याच दालनात साठवलेले असत.

मी शब्द शोधत होतो : वातन, विसर्जन, निष्कासन. मावशी म्हणाल्या, ‘‘नळीत मुरलेला असतो ना तो. लोणच्यात मीठ मुरतं तसा. वरून पुसून कसा जाईल?’’

मुरणे. या क्रियापदात वेळ आहे आणि आतवर जाणेही आहे. वरून काही दिसत नाही, हेही त्यात आले. इतके सगळे एकत्र सांगणारे दुसरे क्रियापद मला सापडले नाही. प्रकरणाचे शीर्षक झाले : ‘मुरलेला वायू बाहेर काढणे’.

त्याच प्रकरणात खुणांविषयी एक भाग होता आणि साहित्याच्या अभ्यासकाला तो रोचक वाटेल. पाकिटावरच्या पट्टीचा रंग बदलतो. त्याचा अर्थ एवढाच, की हे पाकीट वायूतून गेले आहे. आतले जंतू मेले की नाही, हे ती पट्टी सांगत नाही. त्यासाठी बॅसिलस अ‍ॅट्रोफियस नावाच्या चिवट जंतूचे बीजाणू एका कुपीत घालून तेही सोबत पेटीत ठेवतात आणि नंतर उबवून बघतात. ते वाढले नाहीत, म्हणजे इतरही मेले असावेत. पण मुरलेला वायू निघाला की नाही, हे ना पट्टी सांगत ना कुपी. त्याची हमी घड्याळ आणि नोंदवही यांवर असते. चिन्ह आणि चिन्हित यांचा संबंध यादृच्छिक असतो हे सोस्यूरचे म्हणणे आपण परीक्षेपुरते शिकवतो. इथे बदललेल्या रंगात त्यात नसलेला अर्थ वाचणे म्हणजे रुग्णाच्या घशात जखम.

*

शेवटची अडचण प्रत्ययाची होती. सगळी पुस्तिका कर्मणी प्रयोगात होती आणि मी ती ‘नये’मध्ये आणली होती. दार उघडू नये. साहित्य वेळेआधी काढू नये. शिष्ट मराठीत सूचना अशाच लिहितात. त्यात कर्ता नसतो, म्हणून त्या नम्र वाटतात.

मावशी म्हणाल्या, ‘‘सर, आम्ही कुठं उघडतो? आम्हाला उघडायला लावतात.’’

मग तिथे जे ऐकले ते थोडक्यात सांगतो. शस्त्रक्रियेच्या मजल्यावरून फोन येतो. रुग्ण टेबलावर आहे, तीच नळी हवी आहे, दुसरी नाही. चार तास झालेत ना, पुरेत. फोन करणारा ज्येष्ठ असतो, फोन घेणारी कंत्राटी असते. दार मावशी उघडतात आणि वहीत सही त्यांचीच असते. ‘काढू नये’ या वाक्याचा अदृश्य कर्ता, म्हणजे जिच्यावर ठपका यायचा ती, मावशीच ठरते. फोन करणारा या वाक्यात कुठेच नसतो. प्रत्यय इतका सभ्य, की त्याच्या आडोशाला कोणीही उभे राहू शकते.

ही गोष्ट केवळ आपल्याकडची नाही. कॅलिफोर्नियातील ऑन्टारिओ शहरात १९ ऑगस्ट २००४ रोजी वैद्यकीय साहित्य निर्जंतुक करणाऱ्या एका कारखान्यात स्फोट झाला. अमेरिकेच्या रासायनिक सुरक्षा मंडळाने २००६ च्या अहवालात त्याचा क्रम दिला आहे. दुरुस्ती चालू होती, पेटीत साहित्य नव्हते. साहित्यच नाही तर वायू धुऊन काढण्याच्या शेवटच्या फेऱ्या कशाला, असे तंत्रज्ञांना वाटले. यंत्र तसे करू देत नव्हते. ते ओलांडण्याचा परवलीचा शब्द पर्यवेक्षकाकडे होता आणि तो वापरला गेला. दार उघडले, पेटीत उरलेला वायू नळीवाटे तो जाळून नष्ट करणाऱ्या यंत्रापर्यंत गेला आणि तिथल्या ज्वाळेने स्फोट झाला. नियंत्रणकक्षाच्या काचा फुटून चौघे जखमी झाले. कुलूप शाबूत होते. ते उघडण्याचा अधिकार ज्याच्याकडे होता त्याला घाई होती.

म्हणून आम्ही एक वाक्य मूळ पुस्तिकेत नसलेले घातले : ‘वेळ पूर्ण होण्याआधी साहित्य मागू नका.’ भाषांतरकाराने मूळात भर घालू नये, हा नियम मला पाठ आहे. तो मी जाणूनबुजून मोडला. हे वाक्य मावश्यांसाठी नव्हते. ते वरच्या मजल्यासाठी होते.

व्यवस्थापनाने मसुदा मान्य केला आणि तेवढे एक वाक्य वगळले. कर्मचाऱ्यांच्या सूचनाफलकावर ते अप्रस्तुत आहे, असे कारण होते. ते एका अर्थी खरेच होते.

माझ्या विद्यार्थिनीने वाद घातला नाही. साहित्य देण्याघेण्याच्या खिडकीवर, बाहेरच्या बाजूने, तिने ते वाक्य जाड पेनाने स्वतःच्या अक्षरात लिहून चिकटवले. खाली ‘ईटीओची वेळ : धरून १५ तास’ असे लिहिले, म्हणजे मागणाऱ्याला आदल्या दिवशीच हिशेब करता यावा. अक्षर अकरावीतल्यासारखेच होते, थोडे उजवीकडे कललेले.

दोनेक महिन्यांनी तिचा फोन आला. ‘‘सर, काल वरून फोन आला होता. मी नव्हते, मावशीच होत्या. त्यांनी सांगितलं, खिडकीवर लिहिलंय ते वाचून घ्या, आणि फोन ठेवला. ऑपरेशन आज सकाळी झालं.’’

‘‘मग? कोणी रागावलं का?’’

‘‘थोडं. पण पेशंट बरा आहे. मावशी पण बऱ्या आहेत.’’

तो फलक मी नंतर जाऊन पाहिला. खाली भाषांतरकाराचे नाव नाही, ते योग्यच आहे. ‘मुरलेला’, ‘काडतूस’ हे शब्द माझे नाहीत आणि ‘नाकावर विसंबू नका’ हे वाक्य ज्या प्रश्नातून आले तो प्रश्नही माझा नाही. त्या प्रश्नाआधीचे माझे वाक्य, वास आल्यास तत्काळ खोलीबाहेर पडावे, मी आता तिसऱ्या वर्षाच्या विद्यार्थ्यांना फळ्यावर लिहून देतो आणि त्यात चूक काय ते शोधायला सांगतो. अजून कोणी पहिल्या तासाला शोधलेली नाही. व्याकरणाच्या चुका शोधत बसतात.